झटका स्कॅनमध्ये दिसत नाही

बाळाच्या मेंदूचा एमआरआय काढायचा म्हटलं की आमचं निम्मं काम बाळाच्या अंगावरून एकेक वस्तू उतरवण्याचं असतं. पायातले वाळे, हातातल्या मनगट्या, कमरेचा करदोडा, कानातली बाळी, गळ्यातला ताईत, टोपड्याला आतून कुणीतरी लावून ठेवलेली सेफ्टी पिन. काजळसुद्धा पुसावं लागतं, कारण काही काजळांत लोहाचा अंश असतो आणि डोळ्यांपाशी चित्र वेडंवाकडं येतं. वाळे काढेपर्यंत आजी गप्प असते. काजळ पुसायला घेतलं की तिला राहवत नाही. "ताई, दृष्टीचं तेवढं राहू द्या की." मी म्हणते, आजी, बाहेर आल्या आल्या तुमच्याच हातानं लावा, तोवर मी आहे बाळापाशी. बहुतेक आज्या ऐकतात.

मी नाशिकला मुंबई नाक्याच्या बाजूच्या एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय टेक्निशियन आहे. गुडघे, मणके, डोकेदुखी हे आमचं रोजचं काम. त्याच्या मधेमधे झटके येणारी बाळं येतात. कुणी पाच महिन्यांचं, कुणी दहा. पेठ, सुरगाणा, कळवणहून येतात, निफाड-सिन्नरहून येतात, शहरातलीही असतात. या बाळांबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात होतं.

स्कॅनच्या वेळी बाळ गाढ झोपलेलं लागतं. त्यासाठी झोपेचं सिरप द्यायचं असतं, आणि ते लागू पडावं म्हणून बाळाला पहाटेपासून जागं ठेवायला सांगतात. सुरगाण्याहून एसटीनं येणाऱ्या आईला हे किती अवघड जातं, ते तिच्या डोळ्यांवरून कळतं. गाडीच्या हिंदकळण्यानं पोर पेंगायला लागतं आणि ती वाटभर त्याला गुदगुल्या करत, पाण्याचा हात फिरवत आणते. इथे आल्यावर सिरप, मग पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, कानांत कापूस आणि वरून कानपट्ट्या, आणि घरून आणलेल्या दुपट्यात घट्ट गुंडाळणं. खोली गार असते, मशीनचा आवाज मोठा. आई दारापाशी उभी राहते. आणि जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी विचारतंच, "आता झटका कुठून येतो ते दिसेल ना?"

खरं सांगायचं तर झटका दिसत नाही. स्कॅन चालू असताना बाळाला झटका आलाच, तर मान हलते आणि ती चित्रमाला वाया जाते. एमआरआयला स्थिर मेंदू लागतो. पाणी आणि स्निग्ध पदार्थांतल्या हायड्रोजनकडून येणारे क्षीण संदेश गोळा करून तो मेंदूची रचना दाखवतो. १.५ टेस्लाचं आमचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचं आहे. तरी ते घडून गेलेल्या गोष्टीची खूण दाखवतं, घडत असलेली गोष्ट दाखवत नाही. मला वाटतं, हा फरक प्रत्येक आईबापाला कुणीतरी बसवून समजावून सांगायला हवा. तो न कळल्यामुळे बाळांचे महिने वाया जातात.

आधी या झटक्यांविषयी. आपल्याकडे फिट म्हटलं की डोळे पांढरे होणं, तोंडाला फेस येणं, हातपाय ताठणं असंच चित्र लोकांच्या मनात असतं, आणि कांदा हुंगवायला धावणारी माणसं. तान्ह्या बाळांच्या ज्या अपस्माराबद्दल मी लिहितेय, त्यात यातलं काहीच नसतं. बाळ झोपेतून उठतं आणि एकदम मान पुढे टाकतं. हात फेकल्यासारखे उघडून छातीशी येतात, पाय पोटाशी जातात. एक-दोन सेकंद, की अंग सैल. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. कधी अशी वीस-तीसची माळ लागते आणि शेवटी बाळ कळवळून रडतं. घरातले म्हणतात, दचकतंय. पोटात कळ येत असेल. दात येत असतील, गुटी बदलून बघा. ताप नसतो, शुद्ध हरपल्यासारखी वाटत नाही, दिवसभर बाळ तसं ठीकच दिसतं. हळूहळू ते हसायचं थांबतं. आईकडे बघत नाही, धरलेली मान सोडून देतं. तोवर कितीतरी आठवडे गेलेले असतात.

हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते एका बापानं. १८४१ साली इंग्लंडमधल्या टनब्रिजच्या डॉ. विल्यम जेम्स वेस्ट यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. त्यांचा मुलगा जेम्स चार महिन्यांचा असताना त्याची मान पुढे झुकायला लागली होती. आधी थोडी, मग पाठोपाठ, दिवसातून अनेकदा. जळवा लावून झाल्या, थंड पट्ट्या झाल्या, जुलाब देऊन झाले, अफूसुद्धा देऊन झाली, पण कशाचाही उपयोग झाला नाही. कुणी असं मूल पाहिलं असेल तर कळवा, असं त्यांनी सगळ्या डॉक्टरांना विनवलं. ते पत्र मी वाचलंय. त्यातलं निरीक्षण आजच्या कुठल्याही पुस्तकातल्या वर्णनाला तोडीस तोड आहे, आणि त्यांच्या हातात फक्त स्वतःचे डोळे होते. पुढे हा आजार 'वेस्ट सिंड्रोम' म्हणून ओळखला जाऊ लागला. दर दहा हजार जन्मांमागे साधारण तीन बाळांना तो होतो.

झटक्यामागची विजेची गडबड दाखवते ती ईईजी. जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख पहिल्यांदा घेतला १९२४ मध्ये, आणि १९५२ मध्ये गिब्ज दांपत्यानं या बाळांच्या आलेखाला 'हिप्सअरिथमिया' हे नाव दिलं. आमच्या ओळखीच्या ईईजी टेक्निशियनताईंनी मला तो एकदा दाखवला होता. उंचच उंच, एकीचा दुसरीशी मेळ नसलेल्या लाटा, मधेच कुठूनही उठणारी टोकं, डोक्याच्या कुठल्याच भागात ठरलेली लय नाही. झटका आला नाही तरी आलेख असाच असतो, म्हणजे झटक्यांच्या मधल्या वेळेतही मेंदूला स्वस्थता नसते. बाळ शिकलेलं विसरतं त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. झोपेत हा आलेख जास्त स्पष्ट उमटतो, म्हणून तिथेही बाळाला झोपवणं आलंच.

निदान करायला बहुतेक वेळा एवढं पुरतं. बाळाला येणारे झटके आणि हा आलेख. मग एमआरआय कशासाठी? तर हे का झालं ते कळावं म्हणून.

आमच्या स्क्रीनवर जी कारणं दिसतात, त्यांतलं एक मला सगळ्यांत जास्त छळतं. डोक्याच्या मागच्या बाजूला, दोन्हीकडे, जिथे दृष्टीचं काम चालतं त्या भागात, मेंदूच्या वळ्या बारीक होऊन आक्रसलेल्या असतात आणि त्यांच्याखाली फ्लेअर नावाच्या चित्रमालेत पांढरे व्रण उजळून दिसतात. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत रक्तातली साखर फार खाली गेली, तर मेंदूवर जी जखम होते तिची ही खूण. नवजात बाळाचा मेंदू मुख्यतः साखरेवर चालतो. बाळ कमी वजनाचं असेल, दिवसांआधी जन्मलेलं असेल, आईला मधुमेह असेल किंवा दूध पाजायला उशीर झाला असेल, तर साखर उतरते. बाळ मलूल पडतं, ओढत नाही, घरचे म्हणतात शांत आहे. भारतातल्या बाळांमध्ये वेस्ट सिंड्रोमची जी कारणं पुन्हापुन्हा सापडतात त्यांत हे एक आहे, आणि जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणं हे दुसरं. प्राणवायू कमी पडल्याचा व्रण वेगळ्या जागी असतो. पूर्ण दिवसांच्या बाळात मेंदूच्या खोल गाभ्यात किंवा वरच्या कडेला, अपुऱ्या दिवसांच्या बाळात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवती. व्रण कुठे आहे यावरून रेडिओलॉजिस्ट सांगू शकतात की सहा महिन्यांपूर्वी, साधारण कोणत्या दिवसांत, काय बिनसलं असेल.

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराला डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मी तिथेच सीडी घेऊन उभी होते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या काडी तपासणीसारखंच की, डॉक्टर. घड धरायचा का नाही हे एप्रिलच्या छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यात आतल्या आत ठरून जातं. आम्हाला ते ऑक्टोबरात कळतं." त्याला जे नेमकं उमगलं होतं, ते मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं. आठव्या महिन्यातलं बाळाचं चित्र हे त्याच्या तिसऱ्या दिवसाचं चित्र असतं.

पण ही माहिती घरात जाते तेव्हा ती कुणावर तरी पडते, आणि ती पडते आईवर. तोपर्यंत तिला ऐकवून झालेलं असतं की तू ग्रहण पाळलं नाहीस. आता त्यात भर पडते, तुला दूधच नव्हतं. एका सासूबाईंनी बाळाला पहिले दोन दिवस मध चाटवला होता, चीक पिळून टाकायला लावला होता, आणि रिपोर्ट ऐकून त्यांनीच सुनेकडे बोट केलं. रिपोर्टमधलं सांगायचा मला अधिकार नाही. ते काम रेडिओलॉजिस्टचं आणि बालमेंदूतज्ज्ञांचं, आणि तो नियम योग्यच आहे. पण त्या दिवशी मी सासूबाईंना बाजूला बसवून एवढं सांगितलं की पहिल्या दिवशी दूध चमचाभरच येतं, तेवढंच पुरतं, आणि ते वरचेवर पाजायला आईला कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. बाळ ओढत नसेल तर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासायची असते. हे पाहायचं काम तिथल्या नर्सचं, डॉक्टरांचं. वीस वर्षांच्या ओल्या बाळंतिणीचं नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पहिल्या तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचं प्रमाण ४१.८ टक्के होतं. बाकीच्या सगळ्या आयांचा दोष असणं शक्य आहे का? सिझेरियननंतर आई एका मजल्यावर आणि बाळ दुसऱ्या मजल्यावर, हे आपण कितीतरी ठिकाणी बघतो.

काही वेळा चित्र स्वच्छ येतं. एका जोडप्यानं नऊ महिन्यांच्या मुलीचा 'नॉर्मल' रिपोर्ट हातात पडल्यावर आमच्या सगळ्या स्टाफला पेढे दिले होते. मला तो पेढा गोड लागला नाही, कारण बाळाच्या बाबतीत नॉर्मल या शब्दाचा अर्थ त्याच्या वयावर ठरतो. जन्मतः मेंदूतल्या बहुतेक तंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण नसतं. ते मागून पुढे चढत जातं, दोन वर्षांपर्यंत बरंचसं पूर्ण होतं. मोठ्या माणसाच्या चित्रात मेंदूची करडी साल आणि आतला पांढरा भाग स्पष्ट वेगळे दिसतात. नवजात बाळात त्यांचे रंग मोठ्यांच्या उलट असतात, आणि पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात असा काळ येतो की दोन्ही जवळपास एकाच छटेचे होतात. सालीच्या एखाद्या तुकड्याची घडणच गर्भात बिघडलेली असेल, ज्याला कॉर्टिकल डिस्प्लेझिया म्हणतात, तर तो नेमका याच काळात लपून राहतो. म्हणून झटके थांबले नाहीत तर काही महिन्यांनी, आणि मग दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर, पुन्हा स्कॅन करायला सांगतात. उलटंही घडतं. अगदी लहानपणी दिसलेला डाग पुढे मायलिन चढल्यावर दिसेनासा होतो. म्हणून जुनी सीडी कधीही टाकू नका. मी प्रत्येकाला हे दोनदा सांगते.

पेढे देणाऱ्यांची ती मुलगी अडीच वर्षांची असताना पुन्हा आली. या खेपेला उजव्या बाजूला, कानाच्या वरच्या-मागच्या भागात, साल जाड आणि तिच्या आतली कड धूसर दिसली. डॉक्टरांनी त्यांना मुंबईला पेट स्कॅनला पाठवलं. त्यात किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कुठला भाग ती किती खातो ते पाहतात. ते फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे आणून साठवून ठेवायची सोय नाही. या तपासणीचा आणि तान्ह्या बाळांच्या झटक्यांचा संबंध १९९० मध्ये अमेरिकेत डॉ. हॅरी चुगानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. कारण सापडत नाही म्हणून ज्या बाळांना बाजूला ठेवलं होतं, त्यांतल्या काहींच्या मेंदूत एका बाजूचा तुकडा साखर कमी खात होता, आणि काढलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली चुकीची घडण सापडली. सबंध अंगाला एकसारखा येणारा झटका मेंदूच्या एका कोपऱ्यातल्या बिघाडातून उठू शकतो, हे तेव्हा डॉक्टरांना मोठं आश्चर्य होतं. पुढे त्यांनी असंही नोंदवलं की यांतल्या बऱ्याच बाळांत मेंदूच्या तळाशी, खोल गाभ्यात आणि मेंदूच्या देठात, दोन्ही बाजूंना साखरेचा खप वाढलेला असतो. म्हणजे साल बिघडलेली आणि गाभा तिच्या नादानं पेटलेला, असा काहीसा मेळ. ईईजी आणि एमआरआय एकाच वेळी घेऊन हा मेळ उलगडायचे प्रयत्न अजून चालू आहेत. चुंबकाच्या आत इलेक्ट्रोड लावलेलं तान्हं बाळ झोपवून हे करायचं, यातली मेहनत मी समजू शकते.

असा एकच तुकडा सापडला आणि औषधांनी झटके थांबत नसले तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, बंगळुरूचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स, आणि आता मुंबईतही हे काम होतं. नाशिकच्या माणसाला शस्त्रक्रिया हा शब्द ऐकूनच धसका बसतो, "एवढ्याशा डोक्याला चीर?" पण लहान मेंदू उरलेल्या भागाला नवं काम शिकवू शकतो. ही त्याची ताकद वयाबरोबर ओसरते.

आणि इथे मला सगळ्यांत कळकळीचं सांगायचं आहे. उपचार स्कॅनसाठी थांबू शकत नाही. पेठ तालुक्यातल्या एका घराला कुणीतरी सांगितलं होतं, आधी एमआरआय करून आणा, मग औषधाचं बघू. त्यांनी पैसे जमवायला बैल विकायला काढला, गिऱ्हाईक मिळेपर्यंत दीड महिना गेला, आणि त्या दीड महिन्यात बाळ रोज झटक्यांच्या माळा काढत होतं. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं किंवा व्हिगाबॅट्रिन, ही औषधं जितकी लवकर सुरू होतील तितका बाळाच्या पुढच्या वाढीला फायदा, हे अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. स्टेरॉइडनं बाळ चिडचिडं होतं, सारखं भूक भूक करतं, गाल सुजतात, रक्तदाब सांभाळावा लागतो, जंतुसंसर्गाची काळजी घ्यावी लागते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच हवं. पण मी ज्यावर पोट भरते ते मशीन या रांगेत पहिलं नाही, हे मला ठामपणे लिहायचं आहे. पहिला नंबर मोबाइलचा. बाळ झोपेतून उठतं तेव्हा दिव्याखाली, दुपटं बाजूला करून, पूर्ण अंग दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावा. मग ईईजी, मग औषध. स्कॅन त्याच्या जोडीनं किंवा मागून.

सिन्नरजवळच्या वाडीतून अलीकडे आलेलं एक पाच महिन्यांचं बाळ या क्रमानं आलं. त्यांच्या आशाताईंनी घरी लसीची आठवण द्यायला गेल्यावर झटक्यांची माळ पाहिली, स्वतःच्या फोनवर घेतली आणि घरच्यांना त्याच संध्याकाळी नाशिकला पाठवलं. दोन दिवसांत ईईजी झाला, औषध सुरू झालं. आमच्याकडे आलं तेव्हा झटके निम्म्यावर होते. दुपट्यात गुंडाळताना मला त्याच्या पोटरीवर आणि कमरेवर पानाच्या आकाराचे फिकट डाग दिसले. आईनं पटकन दुपटं ओढून घेतलं. "कोड नाही ना ताई?" तिनं अगदी हळू विचारलं. घरात कुणालाच तिनं ते दाखवले नव्हते, मुलाचं पुढे लग्न जमणार नाही या भीतीनं. मी म्हटलं, हे डाग डॉक्टरांना आवर्जून दाखव, आणि रेडिओलॉजिस्टनाही तेवढं कळवलं.

चित्रात मेंदूच्या सालीत ठिकठिकाणी गाठींसारखे भाग होते आणि पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेनं बारीक उंचवटे. ट्युबरस स्क्लेरोसिस. हा आजार बोर्नव्हिल यांनी १८८० मध्ये वर्णन केला, आणि ते फिकट डाग हा त्याचाच भाग, कोडाशी त्यांचा काही संबंध नाही. या आजारातल्या झटक्यांवर व्हिगाबॅट्रिन विशेष चांगलं काम करतं, त्यामुळे डॉक्टरांनी औषध बदललं. ते कडेची दृष्टी कमी करू शकतं, म्हणून डोळ्यांची तपासणी लावली. हृदयात आणि मूत्रपिंडात गाठी होऊ शकतात, तीही सोनोग्राफी झाली.

साधारण तीनांतल्या एका मुलात हा आजार आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. हे सांगता सांगता डॉक्टर वडिलांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना त्याच्या गालांवर लालसर बारीक पुटकुळ्या होत्या. कॉलेजात असल्यापासून मुरुमांची मलमं लावतोय, जात नाहीत, असं तो म्हणाला. त्याला कधी फिट आली नव्हती, एमआयडीसीत लेथवर चांगलं काम करतो. डॉक्टरांनी कागदावर त्याचंही नाव लिहून माझ्याकडे पाठवलं. पुढच्या मंगळवारी त्याचा स्कॅन आहे. त्याला उपाशी यायची किंवा जागरण करायची गरज नाही, पण लेथवर काम करतो म्हटल्यावर डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे मला आधी विचारून घ्यावं लागेल. तसा काही इतिहास असला तर डोळ्यांचा एक्स-रे काढल्याशिवाय मी त्याला चुंबकाजवळ नेणार नाही.